बाळारामचा न काढलेला फोटो

१९४६ सालच्या मे महिन्यात, राई गावात, दुपारच्या वेळी मी एका बाईला सांगितलं की तिच्या मुलाचा फोटो मी कधी काढलेलाच नव्हता. मुलगा दोन वर्षांपूर्वी बर्माच्या सरहद्दीवर मेला होता. फोटो आहे, येतो आहे, असं मी तिच्या नवऱ्याला त्याआधी सहा महिने सांगत होतो.

संपादकांनी या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे युद्धातले थरारक अनुभव मागितले. थरारक म्हणावं असं माझ्याजवळ फारसं नाही. जे घडलं ते लिहितो.

मी भाईंदरचा. १९३४ साली मुंबईच्या एका मराठी दैनिकात छायाचित्रकार म्हणून लागलो. आज ज्यांच्या हाती छोटे कॅमेरे आहेत त्यांच्यासाठी आमच्या कॅमेऱ्याची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आमचा कॅमेरा शिदोरीच्या डब्याएवढा. त्याच्या पाठीमागे काचेची प्लेट बसवायची, पुढे लष्करात प्लेटच्या जागी फिल्म आली. प्लेटवर उजेड पडू नये म्हणून तिच्यापुढे एक काळी पट्टी सरकवलेली असे. फोटो घेण्याआधी ती पट्टी ओढून काढायची, मग कळ दाबायची. पट्टी ओढली नाही तरी कळ दाबली जाते, आवाजही तसाच येतो, समोरच्या माणसाला फरक कळत नाही. फक्त प्लेटवर काही उमटत नाही. धुतली की ती स्वच्छ काच निघते.

नवा माणूस ही चूक करतो. जुना माणूस ती मुद्दाम करतो. आमच्यात त्याला ‘कोरा काढणे’ म्हणत.

ही विद्या मला आमच्या मुख्य छायाचित्रकारांनी शिकवली. त्यांना सगळे मास्तर म्हणत. प्लेट महाग, आणि समारंभात फोटोसाठी मान पुढे काढणारे पुष्कळ. एका धर्मशाळेच्या उद्घाटनाला एका शेठजींनी तीनदा पगडी बदलून तीनदा फोटो काढून घेतला. मास्तरांनी तिन्ही कोरे काढले. आठवड्याने शेठजी कचेरीत आले. “हमारा फोटो क्यूँ नहीं आया?” मास्तर गंभीरपणे म्हणाले, “शेठ, चेहरा इतका तेजस्वी की काचच जळाली.” शेठजी खूश होऊन गेले. मास्तर मला म्हणाले, “लक्षात ठेव. माणसाला फोटो नको असतो रे. फोटो काढल्याचा आवाज हवा असतो.”

हे वाक्य मी दहा वर्षं खरं मानलं.

१९४३ साली लष्कराच्या प्रसिद्धीच्या कामासाठी वृत्तपत्रांतून छायाचित्रकार घेतले, त्यात मी गेलो. आसाम, मणिपूर आणि तिथून पुढे बर्माकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मी होतो. काय टिपायचं ते वरून ठरे. फिल्म मोजून मिळत. खर्च झालेल्या प्रत्येक फिल्मसमोर तिचा विषय लिहून द्यावा लागे. विषय म्हणजे अधिकारी, पूल, तोफा, दवाखान्याला भेट. मेलेल्यांचेही फोटो मी काढले. ते वेगळ्या लिफाफ्यात जात आणि छापले जात नसत. ते किती काढले याचा आकडा मी ठेवला नाही.

पण जिथे जाई तिथे शिपाई भोवती जमत. “साब, हमारा भी.” मराठी मुलं म्हणत, “आमचा बी एक काढा, घरी पाठवा.” नाही म्हणणं शक्य होतं. पण कोरा सोपा होता. मी त्यांना उभं करी, उजेड बघून तोंड वळवायला सांगे, कळ दाबी. मग खिशातली वही काढून नाव आणि गाव लिहून घेई. वही हा माझा स्वतःचा शोध. तिच्यामुळे आवाजाला वजन येई. माणसं केस विंचरून येत, एकमेकांचे पट्टे मागून बांधत, आणि फोटो झाला की दिवसभर खुशीत असत. मी त्यांचं भलं करतो आहे असं मला वाटे. दीड वर्षात त्या वहीत त्रेचाळीस नावं झाली.

बाळाराम त्यातला एकोणिसावा. १९४४ सालचा मे महिना. डोंगराच्या कडेला रस्ता कापणाऱ्या मजुरांच्या पलटणीत तो होता. मला आमच्या चालकाशी बोलताना ऐकून तो जवळ आला.

“तुमी मराठी?”

“हो.”

“गाव कंचा?”

“भाईंदर.”

त्याने फावडं टाकलं. “मी राईचा! भाईंदरच्या ठेसनावर आमचा मीठ जातो. तुमी आमच्या गावचंच झालं की!”

राई भाईंदरपासून पायी तासाभराच्या आत. त्या डोंगरात हे अंतर शून्य होतं. तो म्हणाला, “माजा एक फोटू काढा. आईला पायजे. आमच्या घरात देवाचा फोटू हाय, माणसाचा न्हाय.”

त्याच्याबरोबरचा सातारकडचा एकजण ओरडला, “काढू नका सायेब, त्याचं थोबाड बघून काच तडकंल!”

“तू गप रं,” बाळाराम म्हणाला. “तुजी बायको तुजा फोटू बगून म्हायेरी जाईल.”

नक्की आठवतं तेवढंच लिहितो. त्याने बाटलीतलं पाणी हातावर घेऊन केस ओले केले. कुणाची तरी फणी मागून घेतली. शर्टाचं गळ्याचं बटण तुटलेलं होतं. हनुवटी फार वर धरली होती. मी “हनुवटी खाली” म्हणालो, त्याने ती आणखी वर केली. मी कळ दाबली आणि वहीत नाव लिहिलं.

माझ्याजवळ दोन फिल्म शिल्लक होत्या. दुसऱ्या दिवशी एका अधिकाऱ्याच्या हस्ते पूल खुला व्हायचा होता. दोन्ही तिथे वापरल्या. त्यातला एकही फोटो छापला गेला नाही.

१९४५ च्या नोव्हेंबरात मी भाईंदरला परतलो. परतल्याला आठवडा झाला नसेल तोच एक वयस्क गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत, पायांना मिठाच्या भेगा. हातात घड्या पडून फाटत आलेलं एक पत्र.

“फोटोवाले तुमीच ना? मी राईचा हिराजी. बाळारामचा बाप.”

पत्र बाळारामने कुणाकडून तरी लिहून घेतलेलं होतं. भाईंदरचे फोटोवाले भेटले, त्यांनी माझा फोटो काढला आहे, ते घरी आले की त्यांच्याकडून घ्या, आईला सांगा मी बारीक झालेलो नाही, असा मजकूर होता. ते शेवटचं पत्र. त्यानंतर पावसात डोंगराची कडा खचली आणि रस्त्यावरचे लोक खाली गेले. प्रेतं मिळाली नाहीत. घरी तार आली ती बेपत्ता असल्याची, आणि पुष्कळ दिवसांनी दुसरी आली ती मेला असं समजावं अशी.

“तिला तार पटत न्हाय,” हिराजी म्हणाले. ती म्हणजे त्यांची बायको, ठकूबाई. “भावकी म्हनते, पानांचा पुतला करा, जाला, मोकले व्हा. ही म्हनते, तोंड बगितल्याबिगर मी माज्या पोराचा काय करू देनार न्हाय. फोटू हाय ना, तो येऊ दे. तोंड बगीन, मंग करा काय करायचा तो.”

आमच्याकडची रीत अशी की मयत उचलण्याआधी घरच्यांनी तोंड पाहायचं. लांबून येणाऱ्या लेकीसाठी चार-चार तास मयत थांबवतात. ठकूबाईने तीच रीत धरली होती. तिला थांबवायला मयत नव्हतं, म्हणून ती फोटोसाठी थांबली होती.

मी म्हणालो, “काका, फोटो सरकारजमा आहे. तपासून यायला वेळ लागतो.”

“लागू दे,” ते म्हणाले. “खबर आयली तवापासून आमच्याकडं येलच येल हाय.”

त्याच महिन्यात माझ्या हातून बिघाड सुरू झाला. कचेरीने मला एका शाळेच्या खेळांना पाठवलं. सहा प्लेटा खर्च केल्या. सहाही स्वच्छ काच. मला वाटलं, सवय गेली असेल. पुढच्या कामाला डाव्या मनगटावर शाईने ‘पट्टी’ असं लिहून गेलो. शब्द वाचला, कळ दाबली, पट्टी ओढली नाही. समोर माणूस नसला, म्हणजे इमारत, मोटार, झाड असलं, की हात बरोबर चाले. समोर माणूस उभा राहून माझ्याकडे बघू लागला की हात कोरा काढी आणि नंतर माझा मी खिशातली वही शोधू लागे.

जानेवारीत उत्तनला एका ख्रिस्ती घरचं लग्न मी ओळखीखातर घेतलं. नऊ प्लेटा. नवरीचा बाप सांतान टांगा करून भाईंदरला आला. “ओ फोटोवाले,” तो दारातूनच म्हणाला, “माज्या पोरीचं लगीन झालं का नाय झालं? सगला गाव जेवला, पाद्रीबाबा जेवले, आनि तुमच्या काचेवर कोनच नाय!” त्याला बसवून माफी मागितली. जाताना तो जरा नरमला. म्हणाला, “भूत बाधलंय काय तुमाला? आमच्याकडं या, पाद्रीबाबाला सांगतो.”

मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात बघितला, बोटं वाकवून बघितली, डोळे तपासले. हाताला काही झालेलं नाही, दूध घ्या, विश्रांती घ्या, लढाई विसरा, असं ते म्हणाले. दूध घेतलं. कचेरीत मास्तर निवृत्त झाले होते. नव्या प्रमुखांनी मला डार्करूममध्ये इतरांच्या प्लेटा धुवायला बसवलं. ते वाईट माणूस नव्हते. “तू अंधारातच बरा,” म्हणाले. तिथे मी उत्तम काम करत होतो.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. त्या हिवाळ्यात भाईंदरच्या मिठागरांवर जुन्या मिठाच्या राशी गवताने झाकून रांगेने ठेवलेल्या होत्या. मी जन्मापासून त्या बघत आलो होतो, पण आता त्या झाकून ठेवलेल्या मयतांसारख्या दिसत. मार्चपर्यंत मी स्टेशनला वळसा घालून जात होतो.

हिराजी दर पंधरवड्याला येत. हात हलवत कधी आले नाहीत. कधी वालाच्या शेंगा, कधी टोपलीभर चिंबोऱ्या. “आयला का?” एवढंच विचारत. मी नवी अडचण सांगे. मुंबईच्या कचेरीत गेलंय, दिल्लीला गेलंय, साहेब बदलला. अडचणी पटण्यासारख्या असत. बारा वर्षं बातमीत काढल्यावर तेवढं येतं. ते “बरा” म्हणून पाणी पिऊन जात.

माझ्या बायकोने वही वाचली होती आणि मला विचारून घेतलं होतं. एप्रिलमध्ये तिने टोपली झाकण न उघडता माझ्यापुढे ठेवली. “ह्या चिंबोऱ्या मी शिजवणार नाही. आधी त्या माणसाला खरं सांगा.”

मी खरं सांगितलं नाही. मी फोटो तयार केला.

माझ्याजवळ काही टाकाऊ प्रती होत्या. त्यातल्या एकीत मजुरांची रांग पाट्या घेऊन चढण चढत होती, सगळे पाठमोरे. त्यातला बांधा जुळेल असा एक माणूस निवडला, तेवढाच मोठा करून घेतला, कडा कापल्या. छायाचित्राखाली खोटं नाव घालायचं नाही हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी तो कधी मोडला नव्हता. पाठीमागे पेन्सिलने ‘बाळाराम हिराजी, राई’ असं लिहिलं आणि मे महिन्यातल्या एका रविवारी राईला गेलो.

ठकूबाई नुकती आगरावरून आली होती. लहानखुरी बाई, पिंढऱ्यांपर्यंत मीठ वाळून पांढरं झालेलं. तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि फोटो घेऊन पडवीत उजेडाला बसली. बराच वेळ बघत होती.

“ह्यो बाळाराम न्हाय.”

हिराजी म्हणाले, “अगो, पाठमोरा हाय. पाठ काय वलखतेस?”

“पाठच वलखन. सात वरसं माज्या म्होरं मिठाची पाटी घेऊन चालला तो. त्याचा डावा खांदा खाली. ह्याचा उजवा.” तिने फोटो माझ्यापुढे धरला. “ह्यो कुनाचा तरी पोर हाय. त्याच्या आईला दे. आमचा आन.”

“दुसरा नाही, काकी.”

“म्हंजे?”

मी सांगितलं. पट्टी म्हणजे काय, कोरा म्हणजे काय, फिल्म किती होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्या कशाला वापरल्या. काही गाळलं नाही. ते सांगायला चार-पाच मिनिटं लागली असतील.

ती म्हणाली, “म्हंजे निसता आवाज काढलास.”

“हो.”

“आनि तो उभा रायला.”

“हो.”

हिराजी इतका वेळ खांबाला टेकून उभे होते. सहा महिन्यांत त्यांनी मला ‘तुमी’शिवाय हाक मारली नव्हती. “माज्या चिंबोऱ्या खाल्ल्यास रं तू,” ते म्हणाले आणि गोठ्यात गुराजवळ जाऊन उभे राहिले.

मी उठलो. ठकूबाई म्हणाली, “बस. मी तुला जा न्हाय म्हनले.”

मी बसलो.

“काचंवर न्हाय उतरला. पन तू बगितलास ना? त्या डब्यातून?”

“बघितलं.”

“मंग सांग. कसा उभा व्हता?”

मी सुरुवात केली. तिने डोळे मिटले आणि एकेक विचारत गेली. चौकशी करावी तशी.

“केस?”

“ओले केले होते. विंचरले होते.”

“फनी त्याच्याकडं नसंल.”

“नव्हती. मागून घेतली.”

“हनवटी?”

“वर. मी खाली घे म्हटलं, त्याने आणखी वर केली.”

“ऐकतो कवा,” ती म्हणाली. “बारीक झालेला?”

मी पत्र वाचलेलं होतं. “झाला होता.”

“बटना?”

“गळ्याचं तुटलेलं होतं.”

“टोपी?”

“हातात.”

“कंच्या?”

“उजव्या.”

 मग ती म्हणाली, “पुन्ना सांग.” मी पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी हिराजी परत येऊन दाराशी उभे होते. तिन्ही वेळा हकिकत शब्दाला शब्द सारखी होती. बातमीदाराच्या लेखी त्याला किंमत नसते; खोटी हकिकतही तीनदा सारखी सांगता येते.

ठकूबाईने डोळे उघडले. नवऱ्याला म्हणाली, “बगितला. आता करा त्याचा.”

तिसऱ्या दिवशी खाडीकाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. मला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी जा म्हणालं नाही. मी बांधावर उभा होतो. फोटो काढला नाही. तो पाठमोरा फोटो ठकूबाईने आधीच मला परत केला होता, आणि त्याच्यामागचं नाव मी खोडलं होतं.

त्यानंतर मी माणसांवर कॅमेरा धरला नाही. उरलेली नोकरी डार्करूममध्ये झाली. वहीतल्या बाकीच्या बेचाळीस पत्त्यांवर मी त्या पावसाळ्यात पत्रं पाठवली, प्रत्येकात खरं काय ते लिहून. बरीच परत आली. सात घरांची उत्तरं आली. एकात शिव्या होत्या. एकाने लिहिलं की मी जिवंत आहे, फोटो नको. पाच जणांनी विचारलं, तो कसा उभा होता? त्या पाचांना मी उत्तर दिलं नाही. नाव वाचून चेहरा आठवत नव्हता.

बाळारामचं मला आठवत होतं. केस, फणी, बटण, हनुवटी. त्या दिवशी रस्त्यावर सात-आठ जण एकामागून एक माझ्यापुढे उभे राहिले. त्यातल्या एकाने टोपी काढून उजव्या हातात धरली होती. तो बाळाराम होता की त्याच्या आधीचा की नंतरचा, हे मी कुठे तपासू शकलो नाही. ठकूबाईने विचारलं तेव्हाही मला त्याची खात्री नव्हती.

राईच्या घरांत वारलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात. चौकोनी पत्र्यावर माणसाची आकृती उठवलेली असते. सोनाराकडे त्याचे दोन ठसे असतात, एक बाप्याचा, एक बाईचा. बाप्याच्या डोक्याला पागोटं असतं. ठकूबाईने ठसा घेतला नाही. सोनार म्हणाला, आजवर सगळ्यांचे ह्याच ठशावर झाले. ती दुकानात बसून राहिली. शेवटी त्याने खिळ्याने आणि हातोडीने तिच्या सांगण्याप्रमाणे आकृती उठवली. हे मला हिराजींनी सांगितलं. ते पुढच्या वर्षी एकदा भाईंदरच्या बाजारात भेटले होते. मला परत ‘तुमी’ म्हणाले.

टाक मी स्वतः १९४८ साली, ठकूबाईच्या दहाव्याला गेलो तेव्हा, पाहिला. आकृती दोन बोटं उंच आहे. डोकं उघडं आहे, हनुवटी वर आहे, डावा खांदा खाली आहे. उजव्या हातात टोपी आहे.